गोळीची वेळ

मूलहून चंद्रपूरला येणाऱ्या एसटीत बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसलं की शेजारची बाई हमखास विचारायची, "मासोळी कोनती हाय वो ताई?" डबा मासे विकणाऱ्या बाया नेतात तसलाच होता, पांढरा थर्माकोलचा, वरून चिकटपट्टी मारलेला. आत मात्र माणसांच्या शौचाचे नमुने असत, लहान लहान डब्यांत, प्रत्येकावर नंबर. सुरुवातीला मी खरं सांगायचे. मग शेजारची जागा रिकामी व्हायची आणि चंद्रपूर येईपर्यंत अख्खी बस माझ्याकडे बघत राहायची. पुढे मी "मरळ" म्हणून मोकळी होऊ लागले. कुठल्या तलावाची, असं कुणी खोदून विचारलं तर तलावाचं नावही सांगायचे.

त्याआधी वीसेक वर्षं मी सिस्टर म्हणून काम केलं होतं. गुडघे गेले, वॉर्डातलं उभं राहणं होईना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की एका दवाखान्यात स्वादुपिंडाच्या आजारावर संशोधन सुरू होतंय. खेड्यातल्या रुग्णांशी त्यांच्या भाषेत बोलू शकेल अशी अनुभवी बाई त्यांना पाहिजे होती, आणि काम बसून करायचं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त ते बसणं एसटीत होतं, काळीपिवळी जीपमध्ये होतं, आणि उरलेलं लोकांच्या छपरीत, बाजेवर.

स्वादुपिंड कुठं असतं हे सांगता सांगता तोंड दुखायचं. हृदय सगळ्यांना माहीत असतं, किडनी माहीत असते, लिव्हर तर दारूमुळे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ आहे. स्वादुपिंडाला मात्र कुणी ओळखत नाही. मी सांगायचे की जठराच्या मागे आडवी पडलेली एक गाठ असते, तिच्यातून रस निघतो, आणि त्या रसाशिवाय खाल्लेलं तेल, डाळ, काहीच पचत नाही. आजार झाला की तो रस बाहेर पडायच्या आधीच आतल्या आत त्या गाठीलाच खायला लागतो. गाठ कडक होते, नळीत खडे साचतात. पोटात उठलेली कळ आरपार पाठीत जाते. माणूस आडवा पडूच शकत नाही, उशी पोटाशी धरून ओणवा बसून राहतो. जेवण अंगी लागत नाही, शौचाला तेलकट होतं, पाण्यावर तरंगतं. वजन उतरत जातं आणि एक दिवस साखरही निघते.

हे सगळं व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि त्या वर्षांत आमच्याकडे त्याला गॅस म्हणतात. गॅसच्या गोळ्या, ॲसिडिटीच्या बाटल्या, मग पुजाऱ्याकडून अंगारा, मग पुन्हा गॅस. आमच्या संशोधनाचा निम्मा भाग तेवढ्यासाठीच होता: पोट दुखतं म्हणून वर्षानुवर्षं फिरणाऱ्यांतून हा आजार असलेली माणसं शोधून काढायची, सोनोग्राफी करायची, शौचाच्या नमुन्यात स्वादुपिंडाचा रस उतरतो की नाही ते तपासायचं. उरलेला निम्मा भाग गोळ्यांचा. ज्यांचा रस आटला आहे त्यांना तोच रस कॅप्सूलमधून द्यायचा आणि वजन वाढतं का ते बघायचं. कॅप्सूलला सगळे गोळीच म्हणत, मीही म्हणायचे.

फॉर्मच्या पहिल्याच पानावर दारूचा प्रश्न होता. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आली आणि उठली, शेजारच्या गडचिरोलीत ती आहेच. दारू मात्र कुठं गेली नाही की कुठून आली नाही. गडचिरोलीकडच्या माणसाला विचारलं की तो शांतपणे सांगायचा, "बंदी हाय ना." हेच त्याचं उत्तर. मी काय लिहायचं ते माझ्यावर. दुसरा त्रासाचा प्रश्न दुखण्याचा: शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तुमचं किती? जिवतीकडचे एक म्हातारेबुवा बराच वेळ विचार करून म्हणाले, बारा आणे. मी साडेसात लिहिलं आणि पुढे गेले. बायका तीनच्या वर जात नसत. घामानं भिजलेली, दात आवळून बसलेली बाई "दोन" म्हणायची. मी चिडायचे, मग दोन लिहायचे.

जिची ही गोष्ट आहे तिनंही पहिल्यांदा दोनच सांगितलं होतं. मूलपासून पुढे, जंगलाच्या अंगाला असलेल्या गावातली, बत्तीस वर्षांची बाई. नवरा राइस मिलमध्ये हमाली करायचा, सासऱ्याची थोडी धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, होती, घरात सासू आणि दोन मुली. ती आली तेव्हा तिचं वजन चौतीस किलो भरलं. मी काटा पुन्हा शून्यावर आणून तिला परत उभं केलं, तरी चौतीसच. आठ वर्षं पोट दुखत होतं. चार दवाखाने झाले होते आणि चारही ठिकाणी तिला आधी विचारलं होतं, दारू पिते का. तिनं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. आमच्याही फॉर्ममध्ये तो प्रश्न होता, म्हणून मीही विचारला. ती इतकी थकली होती की तिला रागही आला नाही.

सोनोग्राफीत खडे दिसले. नमुन्यात रस जवळजवळ नव्हताच. असं न पिणाऱ्यांतही होतं, कमी वयात होतं, काऊन होतं ते अजून कुणालाच धड सांगता येत नाही. आजाराला नाव मिळालं त्या दिवशी तिनं माझ्याकडून ते एका कागदावर लिहून घेतलं आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. घरी दाखवायचं म्हणाली. गोळीनं काय होईल, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, दुखणं जाईलच असं नाही, पण खाल्लेलं अंगी लागेल. तिला तेवढंच पाहिजे होतं. दोन वर्षं झाली होती ती रोवण्याला गेली नव्हती. चिखलात वाकलं की डोळ्यांपुढे अंधार यायचा. रोवणा म्हणजे आमच्याकडे धानाची लावणी, बायकांचं काम. पंधरा-वीस जणींचा गट, गाणी, चेष्टा, आणि वर्षातून तेवढेच दिवस घराबाहेर. ती म्हणाली, "मले यंदा रोवण्याले जाता आलं पायजे, ताई. बस." मी होईल म्हणाले. सिस्टर लोकांना ते वाक्य फार सहज येतं.

नियम साधा होता. सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत गोळी घ्यायची. तीन महिने मी दर पंधरवड्याला जायचे, वजन घ्यायचे, उरलेल्या गोळ्या मोजायचे, नमुना न्यायचे. सगळ्या रुग्णांत तिच्यासारखी शिस्त कुणाचीच नव्हती. गोळ्या बरोबर तेवढ्याच उरलेल्या असत. एकही खाडा नाही. गोळी वेळेवर घेतली का, या रकान्यात मी दर वेळी "अचूक" लिहून सही करत होते. सासूबाईही लक्ष ठेवून होत्या, त्याच आठवण करायच्या. मला त्या घराचं कौतुक वाटायचं, मी दवाखान्यात इतरांना त्या घराचं उदाहरण द्यायचे.

वजन मात्र हलेना. चौतीस, चौतीस, मग दोनशे ग्रॅम कमी. नमुन्यात तेवढंच तेल.

एप्रिलच्या शेवटी दवाखान्यात बैठक झाली. नागपूरहून येणारे मोठे डॉक्टर, म्हणजे संशोधनाचे प्रमुख, आणि हिशेब मांडणारी दोन तरुण मंडळी. पडद्यावर तक्ते होते. पुरुषांची वजनं वाढली होती, बायकांची फारशी नाही. त्यावर तासभर चर्चा झाली. बायका उशिरा येतात म्हणून असेल, मुळात वजनच कमी असतं म्हणून असेल, जनुकांत काही असेल. रक्ताचे नमुने बाहेर पाठवून तेही तपासावं असं एकानं सुचवलं. छापायच्या लेखाच्या मसुद्यात वाक्यही तयार होतं की स्त्रियांमध्ये या उपचाराचा परिणाम कमी दिसतो. मी मान डोलावत होते. मला जनुकांतलं काय कळतं? आणि खरं सांगायचं तर चार वाजले होते, माझे पाय सुजले होते, आणि बैठक संपावी एवढंच मला वाटत होतं.

ज्यांना फरक पडला नाही त्यांच्या गोळ्या थांबवायच्या, असं ठरलं. त्या यादीत तिचा नंबर होता. मला जाऊन शेवटचा नमुना घ्यायचा होता, उरलेल्या गोळ्या परत आणायच्या होत्या आणि तिला तसं सांगायचं होतं.

मे महिन्यात ऊन असं असतं की अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. एरवी मी अकराच्या गाडीनं पोचायचे, घरातली जेवणं आटोपलेली असायची. त्या दिवशी उन्हाच्या भीतीनं मी पहाटेची गाडी धरली आणि साडेनऊलाच तिच्या घरी पोचले. नवरा मिलमध्ये जायच्या आधी जेवायला बसायच्या बेतात होता. सासऱ्यांनी मला आग्रह करून पंगतीत बसवलं. पाहुणी आणि दवाखान्यातली, तेव्हा माझंच ताट आधी लागलं.

ती भाताचं गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवत होती. सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "गोळी घेतली का वो? वाढाचं होऊन राह्यलं." तिनं फळीवरचा डबा काढला, आमच्या सगळ्यांच्या समोर गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायली. मग पदर खोचून वाढायला लागली.

आम्ही जेवलो. मुली जेवल्या. सासरे हात धुऊन बाजेवर बसले, नवऱ्यानं सायकल काढली. मग सासूबाई बसल्या. ती वाढत होती, पाणी देत होती, मधेच मागे सांदवाडीत जाऊन गाईला पाणी दाखवून आली. ताटं गोळा केली. घासली. धाकटीची वेणी घातली. मग कुठं गंज पुढे ओढून तिनं स्वतःला भात घेतला, वर वरणाचं पाणी, आणि भिंतीला पाठ लावून बसली.

मला घड्याळ बघायची सवय, या कामानं लागलेली. गोळी पोटात जाऊन सव्वा तास झाला होता.

ती गोळी अन्नात मिसळली तरच काम करते. पहिला घास घेताना घ्यायची असते, अन्नाबरोबर पुढे सरकायला हवी. रिकाम्या पोटी गेली तर पाण्यासारखी निघून जाते. मागून पोचलेल्या जेवणाशी तिची गाठच पडत नाही. हे मला माहीत होतं. प्रशिक्षणात मीच इतरांना शिकवलं होतं. तीन महिने, दिवसातून दोनदा, या बाईनं एकही खाडा न करता गोळी वाया घालवली होती, आणि मी त्यावर "अचूक" लिहून सही केली होती. गोळी कधी घेता, एवढंच आमचा फॉर्म विचारायचा. तुम्ही स्वतः कधी जेवता, हे कुठल्याच पानावर नव्हतं, आणि माझ्याही तोंडातून कधी निघालं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. घरात बसलेल्या त्या चांगल्या माणसांकडे मला बघवेना.

तिचं जेवण होईपर्यंत मी थांबले. मग तिला विचारलं की ताटावर बसताना गोळी का घेत नाही. तिनं आधी नेहमीचं सांगितलं, की नंतर घ्यायची म्हटलं तर विसरायला होतं, थकून डोळे मिटतात. मग तिनं सासूबाई सांदवाडीत आहेत ना ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यायसमोर घेतली म्हंजे सगळ्यायले दिसते का मी बिमार हावो. मांगून येकटी बसून घेतली त कोन पायते?"

आठ वर्षं गॅस म्हणून हिणवलेलं दुखणं. कागदावरचं नाव कुणी वाचलं नव्हतं, पोटातले खडे कुणाला दिसत नव्हते. दिवसातून दोनदा, सगळे जमलेले असताना, ती एक गोळी मात्र दिसत होती.

सासूबाई आल्यावर मी दोघींना समोर बसवून समजावलं. म्हटलं, जमलं तर हिला सगळ्यांसोबतच बसू द्या. नाहीच जमलं तर निदान गोळी हिच्या स्वतःच्या पहिल्या घासाला. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, सून आधी बसली तर वाढणार कोण. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी त जनमभर शेवटीच बसली, बाई. मले कोनं इचारलं नाई मी जेवली का." त्यांचा राग माझ्यावर नव्हता, सुनेवर तर नव्हताच. कुणावर होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी उरलेल्या गोळ्या परत न घेताच निघाले. तेवढ्यापुरता नियम मोडला.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी तयारीत गेले होते. ते रागावले नाहीत, चष्मा काढून डोळे चोळत बसले. मग म्हणाले की प्रत्येक भेटीवर माझी सही आहे, तेव्हा चूक कशी झाली ते मलाच लेखी द्यावं लागेल. मी दिलं. वीस वर्षांच्या नोकरीत स्वतःविरुद्ध लिहिलेला तो पहिला कागद. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, अशा किती असतील? मला माहीत नव्हतं, मी एकीचंच पाहिलं होतं. मग सगळ्यांकडे परत जा, म्हणाले.

जून उजाडेपर्यंत मी पुन्हा त्याच वाटा तुडवल्या. यादीतल्या एकेका बाईकडे गेले. पावसाआधीचा उकाडा, घामोळं, गाड्यांची वाट बघणं. रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदनेला जायचं असतं, तेही तीन-चार वेळा चुकलं. या वेळी मी फॉर्म पिशवीतच ठेवायचे आणि विचारायचे की काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा. मग सगळं आपोआप निघायचं. कुणी चूल पेटवताना गोळी घेत होती, कुणी नवऱ्याचं ताट वाढताना. एकीनं तर नवऱ्याला शेतात डबा पोचवायच्या आधी गोळी घेऊन, तीन किलोमीटर चालून, परत येऊन मग भात खाल्ला होता. सगळ्या अशा नव्हत्या. ज्या घरांत सासू नव्हती, किंवा बाईच कर्ती होती, तिथं वजनं वाढलेलीच होती. पुरुषांचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापुढे ताट यायचं आणि ताटासोबत कुणीतरी गोळीही आणून द्यायचं.

पडद्यावरच्या तक्त्यातला तो फरक जनुकांत शोधायचा म्हणून रक्त बाहेर जाणार होतं. आणि तो चुलीजवळ बसला होता.

संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीनं बऱ्याच कागदपत्रांनंतर परवानगी दिली की या बायकांना आणखी तीन महिने गोळ्या द्याव्यात, नोंद वेगळी ठेवावी. फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढला. लेखाच्या मसुद्यातलं स्त्रियांबद्दलचं ते वाक्य काढलं गेलं. त्या जागी काय लिहावं यावर बराच खल झाला आणि शेवटी मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ आली: काही सहभागींमध्ये औषध आणि आहार यांच्या वेळेत अंतर आढळले. मी ती ओळ दोनदा वाचली. तीत काहीही खोटं नव्हतं. एवढ्या चालण्याची एवढीच ओळ झाली, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आला.

ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे गेले तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. रोवणे उरकत आले होते, सगळे बांधीत. ती घरी एकटीच होती. त्या आठवड्यात दोन दिवस ती रोवण्याला जाऊन आली होती, अर्धा अर्धा दिवस, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच तिला घरी राहायला सांगितलं होतं. पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. तिनं त्या मला आधी दाखवल्या, वजन मग. काट्यावर साडेसदतीस भरले. मी खाली वाकून पुन्हा पाहिलं. दुखणं होतंच, कमी-जास्त. पण गाल जरा भरले होते आणि हात लागला की हाडच लागायचं, तसं आता नव्हतं.

मी खूश झाले आणि बडबडायला लागले. म्हटलं, बघ, गोळी तीच आहे, फक्त वेळ बदलली आणि किती फरक पडला. ती ऐकत होती. तिच्या डोक्यात हिशेब चालला होता ते माझ्या लक्षातच आलं नाही.

"म्हंजे पयले तीन मयने मी जेवली थे सारं वाया गेलं म्हना," ती म्हणाली.

मला ते गोल गोल करून सांगता आलं असतं. सिस्टर लोकांना तेही येतं.

"हाव," मी म्हटलं. "चूक माही होती. तुही नाई."

तिनं मान हलवली. बाहेर पाऊस नव्हता पण आभाळ दाटलं होतं, घरात अंधारल्यासारखं झालं होतं. ती काही वेळ पायाच्या बोटांतली चिखली चोळत बसली. मग अगदी साध्या आवाजात, तक्रार न करता, तिनं विचारलं, "पन तुमाले काऊन नाई समजलं, ताई? तुमी त बाई आहा."

हा प्रश्न मला डॉक्टरांनी विचारला नव्हता, समितीनं विचारला नव्हता, त्या लेखी कागदात मी स्वतःही त्याचं उत्तर लिहिलं नव्हतं. मे महिन्यातल्या त्या सकाळपासून मी तो टाळत आले होते.

"माह्या घरीबी माहं ताट शेवटीच लागते, माय," मी म्हटलं. "लग्न झालं तवापासून. म्हनून इचाराचं सुचलंच नाई."

ती उठली, फळीवरून गोळ्यांचा डबा काढला, गंज पुढे ओढलं आणि एका ताटात भात वाढला, वर वरण, कडेला रानभाजी. गोळी हातात घेऊन ती बसली आणि मला जवळ बोलावलं.

मी म्हटलं, "तू जेवून घे. माहं मांगून पाहू."

बोलून गेल्यावर मला ऐकू आलं. तिलाही आलं. ती हसली नाही. तिनं ते ताट उचलून माझ्यासमोर ठेवलं, दुसरं घेतलं, आणि मी पहिला घास तोंडात घालेपर्यंत गोळी मुठीत धरून थांबली.